समुद्राला थर्मामीटर लावला कुणी?

आमच्या सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात सप्टेंबर उजाडला की माणसं एकमेकांची तब्येत विचारत नाहीत, ‘छाटणी कधी घेताय?’ विचारतात. तासगाव, सावळज, कवठेमहांकाळ, मिरजेचा पूर्व भाग, कुठंही जा, हाच विषय. छाटणीची तारीख ठरली की पुढचं सगळं ठरून जातं. पोंगा कधी फुटणार, घड कधी बाहेर पडणार, बाग फुलोऱ्यात कधी येणार. आणि त्या फुलोऱ्यात पाऊस लागला तर सोसायटीचं कर्ज पुन्हा एकदा नवं-जुनं करावं लागणार का, तेही.

मागं एकदा कृषी सेवा केंद्राच्या कट्ट्यावर हाच विषय चालला होता. मी मोबाईलवर समुद्राच्या तापमानाचा नकाशा काढून म्हणालो, ‘अरबी समुद्र अजून गरमच दिसतोय, पावसाची भीती आहे, मी छाटणी थोडी पुढं ढकलणार.’ आमच्या बांधाला लागून बाग असलेले अण्णा चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, ‘आरं, समुद्र गरम हाय म्हंतोस, त्येला थर्मामीटर कुनी लावलाय? आन तुझ्या बागंतलं यंत्र तरी कुठं खरं बोलत हुतं?’

सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्नाचे दोन्ही अर्धे भाग चोख होते, आणि मी सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलेला माणूस, त्यामुळं उत्तर देणं भाग होतं. कट्ट्यावर जमलं नाही, इथं लिहितो.

दुसरा अर्धा भाग आधी घेतो, कारण तो आख्ख्या गावाला माहीत आहे. मी बागेत हवामान यंत्र बसवून घेतलं. आता आमच्या भागात बऱ्याच जणांकडं असतं. एक खांब, वर सोलरची पाटी, आणि तापमान, आर्द्रता, पाऊस, पानावरचा ओलावा असं सगळं मोबाईलवर. डाऊनी येणार की भुरी येणार, या बुरशीच्या रोगांचा अंदाज बांधायचा आणि एखादी फवारणी वाचवायची, एवढाच हिशेब. कंपनीचा पोरगा आला, त्याला पुढच्या गावची घाई. त्यानं खांब रोवला तो मोटारीच्या खोलीला लागून. वर पत्रा, शेजारी दिवसभर ऊन खाणारी सिमेंटची भिंत. दुपारी दोनला माझं यंत्र मणेराजुरीच्या मित्राच्या यंत्रापेक्षा अडीच-तीन अंश जास्त दाखवायचं. फोनवर फोन केले, शेवटी एकदा माणूस आला आणि खांब उघड्यावर, दोन ओळींच्या मध्ये नेऊन रोवला. त्या दिवशी आलेखात जी पायरी पडली ती आजही दिसते. नुसता आलेख बघणारा म्हणेल, या गड्याची बाग एका रात्रीत थंड झाली. बाग होती तिथंच होती आणि तशीच होती.

ही पायरी डोक्यात बसलेली असल्यामुळंच असेल, समुद्राच्या तापमानाबद्दल वाचायला लागलो तेव्हा मी आधी तापलेल्या समुद्रावर गेलोच नाही. थर्मामीटर कुठं होता, कुणाच्या हातात होता, तेच शोधत बसलो. आणि त्यात इतकं सापडलं की बाकीचं मागं पडलं.

सुरुवात बादलीपासून. १८५३ साली ब्रुसेल्सला दर्यावर्दी देशांची एक परिषद झाली आणि जहाजांनी हवामानाच्या नोंदी एकाच पद्धतीनं ठेवायच्या असं ठरलं. त्यात समुद्राच्या पाण्याचं तापमानही आलं. खलाशानं दोरीला बादली बांधायची, समुद्रात सोडायची, वर ओढायची, थर्मामीटर बुडवायचा, आकडा वहीत लिहायचा. १८६९ ला सुएझ कालवा उघडल्यावर एडन-मुंबई वाटेवर जहाजांची रांग लागली, त्यामुळं आपल्या अरबी समुद्राच्या अशा नोंदी भरपूर आहेत. कुठल्यातरी गोऱ्या खलाशानं जूनच्या वादळी वाऱ्यात, कपडे सांभाळत, बादली ओढून लिहिलेला आकडा आज पुण्यातल्या संगणकात आहे, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

आता यातली मेख. सुरुवातीला लाकडी बादल्या जास्त होत्या, पुढं कॅनव्हासच्या आल्या. कॅनव्हास पाझरतं. ओली बादली वाऱ्यात वर येईपर्यंत आणि थर्मामीटर स्थिरावेपर्यंत पाण्याची वाफ होत राहते आणि आतलं पाणी गार होतं. आपला माठ ज्या कारणानं पाणी गार करतो, तेच. म्हणजे खलाशी मोजत होता ते समुद्राचं तापमान नव्हतं, माठातल्या समुद्राचं होतं. पुढं आगबोटी मोठ्या झाल्या, इंजिन गार करायला समुद्राचं पाणी आत ओढलं जायला लागलं, आणि त्या पाइपातच तापमान मोजायची पद्धत आली. पण तिथं इंजिनाची धग. तो आकडा थोडा जास्त. एकाच समुद्राचे एकाच दिवशी दोन आकडे, एक खाली घसरलेला, एक वर चढलेला.

दुसऱ्या महायुद्धात रात्रीच्या वेळी डेकवर दिवा घेऊन थर्मामीटर वाचत उभं राहणं म्हणजे शत्रूच्या पाणबुडीला बोलावणं. त्यामुळं त्या काळात इंजिनाच्या पाइपातल्या नोंदी वाढल्या, आणि बऱ्याचशा अमेरिकन जहाजांच्या. १९४५ ला युद्ध संपलं, ब्रिटिश जहाजं आपल्या बादल्या घेऊन परत मोजायला लागली, आणि जगाच्या तापमानाच्या आलेखात एकदम सुमारे ०.३ अंशांची पायरी खाली पडली. कित्येक वर्षं ही पायरी कुणाच्या डोळ्यावर आली नाही. २००८ साली ‘नेचर’मध्ये थॉम्प्सन, केनेडी, वॉलेस आणि जोन्स या चौघांनी दाखवून दिलं की समुद्र गार झालेला नव्हता, मोजणारी जहाजं बदलली होती. ते वाचताना मला मोटारीची खोली आठवली आणि एकट्यालाच हसू आलं.

व्हॉट्सॲपवर दर उन्हाळ्यात एक मेसेज फिरतो, शास्त्रज्ञ आकडे ‘फिरवतात’ आणि पृथ्वी तापल्याचं दाखवतात म्हणून. आकडे दुरुस्त करतात हे खरं आहे. पण दुरुस्ती कुठल्या बाजूला होते ते तरी बघावं. जुन्या बादल्यांचे आकडे खोटे गार होते. ते दुरुस्त केले की जुना समुद्र वहीतल्या आकड्यापेक्षा थोडा गरम भरतो, म्हणजे तेव्हापासून आजपर्यंतची वाढ कमी भरते. जगभराची सरासरी धरली तर या दुरुस्त्यांमुळं तापमानवाढ कमीच दिसते. ज्याला फुगवून सांगायचं असेल तो असला धंदा का करेल?

पृष्ठभागाचं झालं. पण अण्णांचा प्रश्न समुद्राचा आहे, आणि समुद्र म्हणजे सरासरी पावणेचार किलोमीटर खोल पाणी. वरच्या बादलीभर पाण्यावरून खालचं काय कळणार? १९६० च्या दशकाच्या शेवटी एक सुटसुटीत उपकरण आलं, एक्सबीटी. जहाजावरून एक लहानसा, वजनदार नाकाचा ओळंबा सोडायचा, त्याला केसासारखी बारीक तांब्याची तार. तो खाली जाताना तारेतून तापमान कळवतो, शेवटी तार तुटते, तो तिथंच तळाला. परत आणायचं कामच नाही. गंमत अशी की त्याला खोली मोजताच येत नाही. किती सेकंद झाले यावरून किती मीटर खाली गेला असेल, असा हिशेब मांडायचा. आता कारखान्यातून निघणाऱ्या मालात खेपेगणिक ओळंब्याचा वेग थोडाफार बदलला तर? खोली चुकली, म्हणजे तापमान चुकीच्या खोलीच्या नावावर चढलं. २००७ ला गोरेत्स्की आणि कोल्टरमान यांनी जुन्या सगळ्या नोंदी पडताळून हा घोळ उघड केला. एक्सबीटी समुद्राला आहे त्यापेक्षा गरम सांगत होता.

मध्येच एक वेडा प्रयोग सांगायचा मोह होतो. वॉल्टर मंक नावाचे समुद्रशास्त्रज्ञ होते. त्यांचं म्हणणं, पाणी गरम असेल तर आवाज जास्त वेगानं जातो. मग समुद्राच्या एका टोकाला आवाज करू, दुसऱ्या टोकाला किती वेळात पोचतो ते बघू, तापमान आपोआप कळेल. १९९१ च्या जानेवारीत हिंदी महासागराच्या दक्षिणेला हर्ड बेटाजवळ जहाजातून पाण्याखाली ध्वनिक्षेपक सोडले आणि तो आवाज अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांपर्यंत ऐकू गेला. पुढं देवमाशांना त्रास होईल म्हणून वाद झाले आणि ही वाट मागं पडली. पण कल्पना बघा. आमच्या गावात स्पीकर लावला तर तीन गावं भांडायला येतात.

या सगळ्यावर मात केली ती आर्गोनं, म्हणजे समुद्रात सोडलेल्या तरंगत्या यंत्रांच्या, फ्लोटच्या, जगभरच्या जाळ्यानं. पहिले फ्लोट १९९९ च्या सुमाराला पाण्यात पडले, २००७ पर्यंत तीन हजार झाले आणि आता जगभरात चार हजारांच्या आसपास आहेत. पाऊण-एक पुरुष उंचीचं नळकांडं, वर अँटेना. ते हजार मीटर खाली जाऊन प्रवाहाबरोबर वाहत राहतं. नऊ-दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतं आणि तिथून वर येताना तापमान आणि खारेपणा मोजत येतं. वर-खाली करायला पंखा नाही, काही नाही. आतलं तेल पंपानं बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलायचं, पिशवी फुगते, वजन तेवढंच पण आकार वाढला, म्हणून ते तरंगत वर येतं. तेल आत ओढलं की परत खाली. वर आल्यावर उपग्रहाला माहिती देतं आणि पुन्हा बुडतं. बॅटरी संपेपर्यंत चार-पाच वर्षं हेच. तापमान मोजायची अचूकता एका अंशाच्या काही हजाराव्या भागाइतकी. माझ्या खांबावरचा सेन्सर अर्ध्या अंशानं इकडंतिकडं झाला तरी कंपनी म्हणते, चालतंय की!

भारताचे फ्लोट हैदराबादची इनकॉइस ही संस्था सांभाळते. आणि माहिती सगळ्यांना फुकट. मी एका रात्री अरबी समुद्रातला एक फ्लोट निवडला आणि त्याचा एप्रिल-मेमधला आलेख मोबाईलवर काढला. वर तीस अंशांच्या जवळ. तिथून खाली काही मीटर रेघ सरळ, म्हणजे वरचा थर ढवळून एकसारखा झालेला. मग एकदम घसरण, शे-दोनशे मीटरमध्येच दहा-बारा अंश उतरलेले. हजार मीटरला आठ-नऊ अंश. दोन हजारला तीन-चार. आपण ज्याला गरम समुद्र म्हणतो ती वरची पातळ साय आहे.

दुसऱ्या दिवशी अण्णा बांधावर भेटले तेव्हा हा आलेख त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा काढून, मोबाईल लांब धरून बघितला. म्हणाले, ‘हितं खाली येवढं गार हाय, मंग वरच्या चार बोटाची काय काळजी?’

माणूस सातवीपर्यंत शिकलाय, पण वादळाचं शास्त्र याच प्रश्नावर उभं आहे. चक्रीवादळाला गरम पाणी लागतं, साधारण साडेसव्वीस-सत्तावीस अंशांच्या वरचं. पण वादळ स्वतःच समुद्र ढवळतं आणि खालचं गार पाणी वर काढतं, म्हणजे आपल्याच चुलीवर पाणी ओततं. गरम थर पातळ असेल तर वादळ लवकर दमतं. तो थर जाड असेल तर कितीही ढवळलं तरी वर गरमच पाणी येतं आणि वादळ फुगत जातं. म्हणून बादलीचा आकडा पुरत नाही, आलेखाची ती सरळ रेघ किती खोल जाते ते बघावं लागतं.

आर्गोबद्दल सगळं गोड गोड सांगितलं तर ते अर्धवट होईल. २००६ साली एक शोधनिबंध आला की २००३ ते २००५ मध्ये समुद्राचा वरचा थर गार झाला. लेखकांत नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतले जॉश विलिस होते. ज्यांना तापमानवाढ मान्य नव्हती त्यांची दिवाळी झाली. पण हिशेब जुळेना. समुद्राची पातळी उपग्रहाला वाढताना दिसत होती. पाणी गार झालं असतं तर आकसलं असतं, पातळी एवढी वाढली नसती. पृथ्वीवर येणारी आणि परत जाणारी उष्णता मोजणारा उपग्रहही वेगळंच सांगत होता. विलिस परत आकड्यांना भिडले. काही फ्लोट दाब चुकीचा नोंदवत होते, म्हणजे पुन्हा खोलीचीच चूक, आणि ते फ्लोट गार बाजूला ओढत होते. शिवाय आधीच्या वर्षांत एक्सबीटी गरम बाजूला ओढत होता, त्यामुळं एक्सबीटीकडून आर्गोकडं वळताना खोटा उतार तयार झाला होता. पुढच्याच वर्षी त्याच लेखकांनी दुरुस्ती छापली.

मला तरी हा सगळा प्रकार वाचून आकड्यांवर भरवसा बसला. तोवर मी ‘असेल बुवा’ म्हणणाऱ्यांतला होतो. बादलीवाले, पाइपवाले, तारवाले, फ्लोटवाले, उपग्रहवाले, एकमेकांचे आकडे तपासतात, एकमेकांना खोटं पाडतात, आणि इतकं भांडून झाल्यावरही रेघ वरच जाते. उपग्रह तर समुद्राला हातही लावत नाही, नुसती पातळी बघतो. तोही तेच सांगतो.

ते काय सांगतात? हवेत वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळं जी जादा उष्णता पृथ्वीवर अडकते, तिच्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्रात जाते. आपण ज्या उन्हानं होरपळतो ते उरलेल्यातलं थोडंसं. पाण्याची उष्णता पोटात घेण्याची ताकद एवढी की समुद्राच्या वरच्या अडीच-तीन मीटर थरात सगळ्या वातावरणाइतकी उष्णता मावते. दोन हजार मीटरपर्यंतच्या साठ्याचा विक्रम २०२३ ला झाला, तो २०२४ नं मोडला.

आणि यात आपला हिंदी महासागर जरा पुढंच आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० साली पृथ्वी विज्ञान मंत्रालयासाठी केलेल्या अहवालात आहे, १९५१ ते २०१५ मध्ये उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर सरासरी १ अंशानं तापला, तेवढ्याच काळात जगाच्या समुद्रांची सरासरी वाढ ०.७ अंश. एक अंश म्हणजे काय मोठं, असं वाटतं. हवा एक अंशानं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं. ते बाष्प समुद्र द्यायला तयारच असतो. याच संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१७ ला दाखवलं की १९५० पासून मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठा भूभाग झोडपून काढणारे अतिवृष्टीचे प्रसंग तिप्पट झाले, आणि त्याचं बाष्प बरंचसं अरबी समुद्राकडून येतं. एकूण पावसाळा मात्र त्या काळात वाढला नाही. म्हणजे पाऊस तेवढाच किंवा थोडा कमी, पण यायचा तो टेम्पो भरून.

वादळांचं तर आमच्या बागायतदारांना तोंडपाठ आहे, फक्त आकडे माहीत नाहीत. आयआयटीएमच्याच मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी २०२१ ला १९८२ पासूनची वादळं मोजली. पहिल्या अर्ध्या काळापेक्षा दुसऱ्या अर्ध्यात, म्हणजे २००१ ते २०१९ मध्ये, अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. बंगालच्या उपसागरात ती ८ टक्क्यांनी कमी झाली. आणि अरबी समुद्रातल्या वादळांचा मुक्काम एकूण ८० टक्क्यांनी लांबला. आमच्या लहानपणी वादळ म्हटलं की ओडिशा, आंध्र. अरबी समुद्राचं वादळ हा शब्दच घरात नव्हता.

२०१९ ची दिवाळी कुणी विसरणार नाही. त्या वर्षी हिंदी महासागराची पश्चिम बाजू गरम आणि पूर्व बाजू गार, असा झुकाव जोरात होता. १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी हा झुकाव पहिल्यांदा नीट मांडला, त्याला द्विध्रुव म्हणतात. ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाखाली कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. ते पाणी ओसरून चिखल वाळतोय तोवर ऑक्टोबरात क्यार आलं आणि २७ तारखेला, लक्ष्मीपूजनाच्याच दिवशी, सुपर सायक्लोन झालं. ते ओमानच्या दिशेनं जातंय तोवर मागून महा. दोन्ही आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब समुद्रात, जमिनीवर आलीही नाहीत. पण इथं ढग, झिमझिम, धुकं. ज्यांनी सप्टेंबरच्या शेवटी छाटणी घेतली त्यांच्या बागा नेमक्या फुलोऱ्यात. सकाळी बागेत गेलं की पानाच्या मागं पांढरी बुरशी, घडाच्या दांड्याला हात लावला तर फुलं नुसती झडून तळहातावर. ब्लोअर चिखलात फसायचा म्हणून माणसं पाठीवर पंप घेऊन फिरत होती. ट्रॅक्टर ओढायला ट्रॅक्टर. समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत सव्वाशे-दीडशे किलोमीटर, मधे सह्याद्री, त्याच्या पावसाच्या सावलीत आम्ही, वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरवर जगणारे. आजोबांनी द्राक्ष लावलं ते या कोरड्या हवेच्या भरवशावरच.

२०२५ चा मे त्याहून वेगळा. खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर, नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो, त्याला लख्ख ऊन लागतं. त्या मे महिन्यात ऊन पडलंच नाही. कोकण किनाऱ्यासमोर कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, २४ मे ला रत्नागिरी-दापोलीच्या मधून ते किनाऱ्यावर आलं, त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात, २६ ला मुंबईत. सप्टेंबरात काड्या तपासायला नेल्या. तिथला मुलगा ब्लेडनं डोळा आडवा कापतो आणि मायक्रोस्कोपखाली ठेवतो. चांगल्या वर्षी मधोमध गुबगुबीत घड दिसतो, मोहरीपेक्षाही बारीक पण आकार पक्का. त्या वर्षी काही डोळ्यांत घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तणावा, काहींत पुरता न भरलेला गोळीघड, काहींत काहीच नाही. मागं उभे असलेले सगळे गप्प. एकेकाची काडी पुढं सरकत होती.

आता लगेच कुणी म्हणेल, बघा, समुद्र तापला म्हणून घड जिरला. असं एका ढगाचं खापर एका कारणावर फोडता येत नाही. २०१९ च्या पुरावर अजून लोक अलमट्टी आणि धरणांच्या विसर्गावर हमरीतुमरीवर येतात, त्यातही तथ्याचे मुद्दे आहेत. नदीपात्रात आपण काय काय बांधून ठेवलंय ते सांगलीकरांनी स्वतःच बघावं. अवकाळी पूर्वीही यायचा. १९७२ चा दुष्काळ तर कुठल्या वादळानं आणला नव्हता. यूट्यूबवर दर आठवड्याला ‘महाभयंकर’ सांगणाऱ्यांचा मला रागच येतो, कारण त्यांच्यामुळं खरा आकडाही लोक हसण्यावारी नेतात. समुद्र तापला म्हणजे अमुक तारखेला तासगावात पाऊस, असं कुणीही सांगू शकत नाही. फासे मात्र बदललेत, एवढं नक्की. छाटणीचं जुनं पंचांग ज्या समुद्रावर बेतलेलं होतं तो समुद्र आता एक अंशानं वेगळा आहे.

मग शेतकऱ्यानं या माहितीचं करायचं काय? माझं सांगतो. द्विध्रुव आणि एल निनोचा अंदाज काही आठवडे-महिने आधी येतो, तो मी ऑगस्टपासून बघतो. भरवशाचा नसतो, पण बाजू कळते. त्याशिवाय सगळी बाग एका तारखेला छाटणं बंद केलंय. एक तुकडा सप्टेंबरच्या शेवटी, एक दसऱ्याच्या पुढं, एक ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. मजूर जुळवताना जीव जातो, टोळीवाला म्हणतो तीनदा यायचं परवडत नाही, त्याचंही बरोबर. उशिराचा तुकडा मार्केटला मागं पडतो आणि दर पडलेला असतो, मग त्याचा बेदाणा करायचा, तर बेदाणा शेडवर असताना मार्चचा पाऊस. प्लास्टिक आच्छादनाचं कोटेशन आणलंय, एकरी रक्कम बघून घडी घालून ठेवलंय. अनुदान मिळालं तर निदान पहिल्या तुकड्यावर टाकीन म्हणतोय. अण्णांनी यंदाही सगळी बाग एकदमच छाटायची ठरवलीय, घटस्थापनेच्या आधी, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून आहे तशी. त्यांच्या आणि माझ्या बागेत बांध एक, यंत्र एक. फुलोऱ्याचे आकडे दोघांनी मिळून लिहायचे, असं ठरलंय.